कार्डिअ‍ॅक अरेस्टनंतरच्या सुधारणेत पहिल्या रुग्णालयाचा वाटा किती असतो? (नाशिक – मदत हवी आहे)

नमस्कार. माझे वडील (वय ६१) गेल्या महिन्यात सकाळी साडेसहाच्या सुमारास गोल्फ क्लब मैदानावर फिरताना कोसळले. श्वास नव्हता, नाडी लागत नव्हती; हृदय अचानक थांबले होते (कार्डिअ‍ॅक अरेस्ट). मागून येणाऱ्या एका परिचारिकाताईंनी क्षणाचाही विलंब न करता छाती दाबायला सुरुवात केली. त्या मोठ्याने आकडे मोजत होत्या आणि तीसवर आल्या की पुन्हा एकपासून सुरू करत होत्या. १०८ची रुग्णवाहिका आल्यावर दोन शॉक दिले गेले आणि नाडी परत आली. कुठे न्यायचे असे विचारल्यावर दादा म्हणाला, "सगळ्यात जवळ जे असेल तिथे." त्या एका वाक्यासाठी तो आजही स्वतःला दोष देतो, आणि हा धागा मी मुख्यतः त्याच्यासाठी काढत आहे.

ते जवळचे रुग्णालय लहान होते. तिथे व्हेंटिलेटर होता, पण कॅथलॅब (अँजिओग्राफी करून स्टेंट बसवण्याची सोय) नव्हती. दुपारपर्यंत ताप चढला होता, तरी तक्त्यात तापमानाची नोंद एकदाच केलेली दिसते. दुपारी तीनच्या आसपास आम्हाला सांगण्यात आले की मेंदू गेला आहे, आता आशा ठेवू नका. आम्ही ऐकले नाही आणि त्यांना कॅथलॅब व स्वतंत्र हृदयरोग अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात हलवले. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले की मेंदूबद्दलचा निष्कर्ष किमान ७२ तास उलटल्याशिवाय काढायचा नसतो, कारण झोपेच्या औषधांचा अंमल असेपर्यंत कोणतीही तपासणी फसवी ठरू शकते. अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी बरीच अरुंद आढळली आणि स्टेंट बसवला. पाचव्या दिवशी सकाळी आईने हाक मारली तेव्हा बाबांनी तिच्याकडे मान वळवली.

त्यानंतर मी मिळेल ते वाचत आहे. लंडनमध्ये ८६२ रुग्णांवर झालेली ‘अ‍ॅरेस्ट’ चाचणी २०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ज्यांच्या ईसीजीत एसटी उंचावलेले नव्हते (म्हणजे हृदयविकाराच्या मोठ्या झटक्याची ठळक खूण दिसत नव्हती) अशा रुग्णांना थेट खास कार्डिअ‍ॅक अरेस्ट केंद्रात नेले काय किंवा जवळच्या आपत्कालीन विभागात नेले काय, ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण दोन्ही गटांत ६३ टक्केच राहिले. बाबांच्या पहिल्या ईसीजीतही एसटी उंचावलेले नव्हते, त्यामुळे हे वाचून दादाला थोडा धीर आला. मला मात्र तो आकडा जसाच्या तसा इथे लावता येईल असे वाटत नाही. लंडनमधले ‘जवळचे’ रुग्णालय म्हणजे पूर्ण आपत्कालीन विभाग असलेले रुग्णालय, आणि आमचे ‘जवळचे’ म्हणजे निवासी इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या मोजक्या खाटा. मेंदू वाचवण्यासाठी शरीर ३३ अंशांपर्यंत थंड करण्याचा फायदा २०२१च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही, हेही वाचले; पण त्या चाचणीतल्या दुसऱ्या गटाचाही ताप काटेकोरपणे आटोक्यात ठेवला होता. आमच्याकडे नेमके तेच राहून गेले.

बाबा आता घरी आहेत. चालतात, आंघोळ स्वतः करतात, जुने सगळे आठवते. नवे मात्र टिकत नाही. काल चहा संपवून रिकामा कप हातात धरूनच त्यांनी विचारले, "माझा चहा व्हायचाय ना अजून?" दहा मिनिटांत असे तीनदा झाले. आई तिन्ही वेळा "आत्ताच झाला हो" एवढेच म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

जाणकारांना आणि यातून गेलेल्या कुटुंबांना माझी विनंती आहे की पुढील गोष्टींवर मार्गदर्शन करावे. पहिल्या आठ-नऊ तासांत ताप आणि रक्तदाब नीट सांभाळला न गेल्याचा परिणाम आजच्या विस्मरणात असू शकतो का, की छाती दाबणे सुरू असताना मेंदूला जे कमी रक्त मिळाले त्याचाच हा भाग आहे? अशा विस्मरणावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणारे) नाशिकमध्ये कोणाच्या अनुभवात आहेत का? शालिमारजवळच्या संदर्भ सेवा रुग्णालयात हृदयाचे उपचार होतात हे ठाऊक आहे. बाहेर उपचार झालेल्या रुग्णाची पुढची तपासणी तिथे करून घेतलेले कोणी असल्यास जरूर लिहावे. आयसीडी (हृदयाचे धोकादायक ठोके ओळखून आपोआप शॉक देणारे, शरीरात बसवायचे यंत्र) बसवायचे की नाही हे स्टेंटनंतर तीन महिन्यांनी टू-डी इको पाहून ठरवू, असे डॉक्टर म्हणाले आहेत. तोवर घरात कोणती काळजी घ्यावी?

दोन्ही रुग्णालयांची कागदपत्रे माझ्याजवळ आहेत. त्यातली कोणती नोंद पाहणे आवश्यक आहे ते सांगितल्यास मी ती इथे उतरवून देईन. दादाही हा धागा वाचणार आहे, तरी उत्तर कठीण असले तरी खरे तेच लिहावे.