मदत हवी आहे: बुकशेल्फ स्पीकर काढून फ्लोअरस्टँडिंग (जमिनीवर उभे राहणारे टॉवर) घ्यावेत का? (14 बाय 11 चा सोपा, कौलारू घर, खानापूर)

नमस्कार मंडळी,

खानापुरात आमचं जुनं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, खाली शहाबादी फरशी. सोपा, म्हणजे पुढची बैठकीची खोली, 14 बाय 11 फूट. बाबांचं गाणं ऐकणं तिथंच चालतं आणि हा प्रश्नही त्यांच्यासाठीच विचारतोय.

बाबा आता 78 वर्षांचे आहेत. उमेदीच्या काळात ते गुरुजींच्या मागं तानपुऱ्याला बसायचे. मिरजेहून आणलेला तो तानपुरा अजून गवसणीत घालून सोप्यातच उभा आहे, पण त्यांची बोटं आता तारेवर टिकत नाहीत. गेल्या महिन्यात गुरुजींच्या एका घरगुती बैठकीची कॅसेट सापडली, ती मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. तानपुऱ्यावर बाबाच आहेत. मोठ्या हौसेनं लावली. दोन मिनिटं ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "खर्ज कुठं गेला रे? मी तर वाजवत होतो."

तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मी हेडफोन लावून तीच फाईल ऐकली. कॅसेटची खरखर सोडली तर खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार स्वच्छ ऐकू येते. म्हणजे तार कॅसेटमध्ये आहे, आमच्या सोप्यात येत नाही. गुरुजी काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गायचे. त्या पट्टीत षड्ज साधारण 138 हर्ट्झचा आणि खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे 69. माझ्या बुकशेल्फ स्पीकरच्या कागदावर 55 हर्ट्झपासून पुढं लिहिलंय. मग 69 जातो कुठं?

सध्याची मांडणी अशी. अँप्लिफायर मरांट्झ पीएम 6007, आठ ओहमला 45 वॅट. स्पीकर 5 इंची वूफरचे (वूफर म्हणजे खालचे सूर वाजवणारा भाग), संवेदनशीलता (एका वॅटमध्ये किती आवाज) 86 डीबी, लोखंडी स्टँडवर, अरुंद भिंतीपासून फूटभर पुढं. बाबांची आरामखुर्ची स्पीकरपासून 8 फुटांवर. खुर्चीमागं पलंग आहे, त्यामुळं मागची भिंत खुर्चीपासून 4 फूट लांब राहते.

ज्या दुकानात विचारलं तिथं एकच उत्तर मिळालं: एवढ्याशा डब्यातून खर्ज येणारच नाही, टॉवर घ्या. एकदा अशाच सल्ल्यानं फसलोय. जुने मोठे स्पीकर घेतले होते, दोन पावसाळ्यांत कोनाभोवतीचा (स्पीकरच्या हलत्या पडद्याभोवतीचा) फोमचा काठ भुगा होऊन हातात आला आणि विकणाऱ्यानं हात वर केले. खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जुलैत कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. म्हणून या वेळी आधी विचारतोय.

बजेट 90 हजारांपर्यंत. यादीत दोन नावं आहेत: डाली ओबेरॉन 5 आणि क्यू अकाउस्टिक्स 3050आय. डालीची संवेदनशीलता 88 डीबी, क्यूची 91. तीन डीबी म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट, त्यामुळं मन क्यूकडं झुकतं. पण दोन्हींचं पोर्ट (बास बाहेर पडायचं भोक) मागच्या बाजूला, आणि एवढ्या खोलीत मी ते भिंतीपासून दीड फुटापेक्षा पुढं आणू शकत नाही. बाबांना गाडीतल्यासारखा धबधब बास नको आहे. त्यांना मल्लिकार्जुन मन्सूर आणि कुमारजी (कुमार गंधर्व) ऐकायचे आहेत. कुमारजी तर आपल्या सुळेभावीचे, त्यांच्या जुळलेल्या तानपुऱ्यांबद्दल बाबा तासभर बोलू शकतात.

ज्यांच्याकडं कौलारू घरात टॉवर आहेत त्यांनी अनुभव सांगा की.

प्रतिसाद (निपाणीहून)

दादा, पैसे काढायच्या आधी खुर्ची हलवून बघा.

आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. 69 हर्ट्झची लाट जवळजवळ 5 मीटर, म्हणजे 16 फूट लांब. तिचा चौथा हिस्सा 4 फूट, आणि तुमची मागची भिंत खुर्चीपासून बरोबर तेवढीच लांब आहे. सूर खुर्चीपाशी येतो, भिंतीपर्यंत 4 फूट जातो, 4 फूट परत येतो. तोवर तो अर्धी लाट मागं पडलेला असतो. येणारा आणि परतणारा एकमेकांना खातात. बाबा नेमके त्या खड्ड्यात बसलेत. 90 हजारांचे टॉवर आणले तरी खर्ज त्याच खड्ड्यात पडणार.

मोबाईलवर टोन जनरेटर (हवा तो एकच सूर वाजवणारं अॅप) घ्या, 69 हर्ट्झ लावा आणि सोप्यात सावकाश चालत फिरा. कुठं सूर भरतो आणि कुठं गायब होतो ते कानालाच कळेल. खुर्ची अगदी भिंतीला टेकवू नका, मग सगळाच बास फुगतो.

टॉवर घेतलेच तर 3050आयबरोबर पोर्टात घालायचे फोमचे बोळे येतात, भिंत जवळ असली तर ते कामाला येतील. ओबेरॉन बाबांकडं वळवू नका, सरळ समोर तोंड ठेवा, कंपनीच तसं सांगते. आणि कुठलाही घ्या, कोनाचा काठ रबराचा आहे ना ते हात लावून बघा.

धागाकर्ता

खूप आभार. काल पलंग बाजूच्या भिंतीला लावला आणि खुर्ची मागं सरकवून मागच्या भिंतीपासून दीड फुटावर आणली. बाबांना काही सांगितलं नाही, फक्त कॅसेट लावली.

ते बोलले नाहीत. पण थोड्या वेळानं उजवा हात खुर्चीच्या लाकडावर चालायला लागला, मधलं बोट एकदा, तर्जनी तीनदा, पुन्हा मधलं बोट. शेवटच्या तारेवर तर्जनी जरा रेंगाळत होती.

म्हणजे खर्ज सापडला. डग्ग्याचा घुमारा मात्र हळू आवाजात अजून पातळ वाटतो, बाबा रात्री हळूच ऐकतात. टॉवरची खरेदी दसऱ्यापर्यंत पुढं ढकलली आहे. तोवर एवढंच सांगा: रात्रीच्या हळू आवाजासाठी 3050आयचे दोन 6.5 इंची वूफर उपयोगी पडतील, की आहेत ते स्पीकर ठेवून सोबत छोटा सबवूफर बरा?