पत्र्याखालचे उद्योग : गॅरेज, पोटमाळा, वायरी – तुमचे अनुभव लिहा

पत्र्याखालचा

पार्ल्यात आमच्या बैठ्या घरामागे नऊ बाय सोळाचं गॅरेज आहे. वडिलांची फियाट विकली तेव्हापासून त्यात गणपतीचं मखर, दोन पंक्चर सायकली आणि एक उंदीर राहत होता. लॉकडाऊनमध्ये सुतारकामाचं खूळ डोक्यात शिरलं आणि मी ते रिकामं करायला घेतलं. उंदीर सोडून सगळं हललं.

डोक्यावर जुने सिमेंटचे पत्रे होते. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि कापताना, भोकं पाडताना उडणारी धूळ फुप्फुसात गेली की वाईट, हे माहीत होतं. म्हणून पाणी मारून, न फोडता, अख्खे उतरवून घेतले आणि वर रंगीत लोखंडी पत्रे टाकले. शहाणपण इथेच संपलं.

एप्रिलात भर दुपारी बाहेर ३४ अंश तर आत ४१. मग थर्माकोलच्या शीट आणल्या आणि थेट पत्र्याला आतून चिकटवल्या. मे महिना राजासारखा गेला. जूनमध्ये वरून पाऊस पडून पत्रा गार, आतली हवा दमट, आणि या दोघांच्या मध्ये थेंब धरायला लागले. गोंद सुटला. एका रात्री अर्धं छत माझ्या नव्या टेबलावर उतरलं. उरलेल्या अर्ध्यात काळ्या मुंग्यांनी संसार थाटला होता.

त्यात गळती. जे-हुकची (पत्रा अँगलला आवळणाऱ्या वाकड्या बोल्टची) भोकं मी पन्हळीच्या खळग्यात पाडली होती, कारण तिथे पत्रा अँगलला टेकतो आणि ड्रिल मारायला सोपं जातं. पाणीही तिथूनच वाहतं, हे ड्रिल मारताना सुचलं नाही. भोक उंचवट्यावर हवं, वर डांबराचा वायसर हवा. शिवाय पत्र्यावर पत्रा चढवताना जोडाचं तोंड नैर्ऋत्येला ठेवलं होतं. आपला पाऊस येतो तिकडूनच. म्हणजे मी त्याला दार उघडून दिलं होतं.

दिवाळीनंतर सगळं पुन्हा. पत्रे उलट्या बाजूने लावत आणले. थर्माकोल फेकला. बुडबुड्यांची चंदेरी शीट येते ना, ती पत्र्याला न चिकटवता चार बोटं खाली ताणून बांधली. ती मधली हवा महत्त्वाची. चंदेरी बाजू पत्र्याला टेकली तर ऊन सरळ खाली उतरतं, पैसे पाण्यात. दोन्ही टोकांच्या भिंतींना वर जाळीची झरोकं ठेवली, मधली तापलेली हवा जायला. आता आत ३७. गार नाही, पण पक्कड हातात धरवते.

तुम्ही स्वतःच्या हाताने काय केलंत? फसलेलं असेल तर आधी तेच लिहा.

गिरगावची माहेरवाशीण

आमची चाळीतली खोली १८० चौरस फूट. आईच्या शिवणकामासाठी दादा आणि मी पोटमाळा बांधला. भिंतीत चॅनल घुसवायचा विचार होता, पण जरा प्लास्टर उकरलं तर आत लाकडाचा सांगाडा आणि मध्ये भरलेल्या विटा. त्या भिंतीवर भार टाकायची हिंमत झाली नाही. मग चार चौकोनी पाइप उभे केले, पाय बरोबर खालच्या तुळयांवर येतील असे मोजून, आणि वर १८ मिमीचा प्लाय. माळा अजून खणखणीत आहे. फसलो ते वायरीत.

चाळीत अजून लाकडी पट्टीतली वायर आहे. माळ्यावर शिलाई मशीन आणि इस्त्री, खाली नव्या सूनबाईंचा इंडक्शन. इंडक्शन २००० वॉटचा. भागिले २३० केलं की पावणेनऊ अँपिअरच्या आसपास येतात, आणि पट्टीत जुनी वन-एटीन, म्हणजे एकाच बारीक तारेची वायर, जेमतेम दिव्या-पंख्याची. फ्यूज सारखा उडायचा. मामा आले, किटकॅट (चिनी मातीची फ्यूजची खिट्टी) काढली आणि तिच्यात तांब्याचे तीन पदर पिळून घातले. फ्यूज उडायचा बंद झाला. मामा खूश, आई खूश. गौरींच्या दिवशी पट्टीमागून करपल्याचा वास आला तेव्हा कळलं, फ्यूजचं काम आता वायर करत होती.

लोहार चाळ, म्हणजे विजेच्या सामानाचा बाजार, आम्हाला चालत दहा मिनिटं. दुकानदाराने विचारलं, "अडीचची देऊ का चारची?" म्हणजे किती चौरस मिमी जाडीची. मी म्हटलं इंडक्शनला चारची. दादा म्हणाला उगाच खर्च. मी चारचीच आणली. पाइपातून वायर दादाने आणि मी ओढली, पण डीबीतली (मेन स्विचच्या डब्यातली) जोडणी लायसनवाल्या वायरमनकडून करून घेतली. मामांना त्या दिवशी जेवायला बोलावलं नाही.

मुलुंड चेकनाका

माझा किस्सा छोटा आहे. गेल्या वर्षी इलेक्ट्रिक गाडी घेतली. सोबतचा चार्जर ३.३ किलोवॉटचा. गॅरेजमध्ये १६ अँपिअरचा पॉइंट होता, आधी तिथे व्हॅक्यूम क्लीनर आणि ड्रिल चालायचं. चार्जर साधारण १४ अँपिअर घेतो. मी म्हटलं १६ पेक्षा कमीच आहे की.

पण अशा पॉइंटवर गीझर वीस मिनिटं चालतो, ही गाडीबाई रात्रभर. चौथ्या दिवशी सकाळी प्लग ओढला तर बोटाला चटका, सॉकेटचं एक भोक तपकिरी. आत एक स्क्रू सैल होता, एवढंच. सैल स्क्रूवर आठ-नऊ तास चौदा अँपिअर. आता मीटरपासून सरळ वेगळी चारची वायर, स्वतःची एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की पडणारा) आणि तो निळा गोल औद्योगिक सॉकेट. हे काम मी स्वतः केलं नाही, आणि सांगायला लाजही वाटत नाही. ड्रिलने पाइपाची क्लिप मारणं मला जमतं, तेवढं केलं.

सेक्रेटरी (नाइलाजाने)

ज्यांना इमारतीखालच्या खांबांमधली जागा विटा घालून 'आपलं गॅरेज' करायची आहे, त्यांच्यासाठी. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की स्टिल्टमधली, म्हणजे या खांबांमधली, पार्किंगची जागा म्हणजे गॅरेज नव्हे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. आमच्याकडे एका सदस्यांनी तरीही शटर लावलं, आत टाइल्स, दोन ट्यूबलाइट आणि, कहर म्हणजे, एक्झॉस्ट फॅन. लाइट जिन्याच्या मीटरवरून. सहा सभा झाल्या. शटर आता सोसायटीच्या पंपरूमला आहे, छान चालतं.

भांडुपची

आम्ही डोंगराच्या बाजूला राहतो. खाली पक्कं, वर पत्र्याची खोली. तिथे माझी मुलगी दहावीचा अभ्यास करायची. पहिल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही दोघींनी पत्र्यावर चुना मारला, त्यात थोडं फेविकॉल. फरक पडला बरं का. दुपारी पत्र्याला हात लावता यायचा. पण जुलैपर्यंत सगळा चुना खालच्या काकूंच्या तुळशीत. दुसऱ्या वर्षी गच्चीसाठीचा पांढरा रंग घेतला, आधी पत्रा घासून, धुऊन, वाळवून. तो दोन पावसाळे टिकलाय. धूळ बसून मळतो तेवढा धुवावा लागतो, नाहीतर पांढऱ्याचा उपयोग नाही.

ऊन एक वेळ सोसतं, आवाज नाही. पत्र्यावर पाऊस लागला की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. म्हणून आतून फॉल्स सिलिंग केलं, वर ग्लासवूल टाकलं. आवाज निम्मा झाला. मग एका कोपऱ्यात गळलं, ग्लासवूलने पाणी पिऊन घेतलं आणि तो तुकडा म्हशीच्या पोटासारखा लोंबायला लागला. भिजलेलं ग्लासवूल काही अडवत नाही, ना ऊन ना आवाज. आधी गळती बघा, मग सिलिंग. आम्ही उलटं केलं.

आणि ती पोकळी उंदरांना फार आवडते. पंख्याची वायर आम्ही वरून मोकळीच नेली होती, दिसणार थोडीच म्हणून. प्रीलिमच्या आदल्या रात्री पंखा, दिवा दोन्ही गेले. वायरीचं प्लास्टिक कुरतडून तांबं उघडं. त्या शेजारी ग्लासवूलचा चंदेरी कागद. विचार करूनच पोटात गोळा येतो. आता सगळं पीव्हीसी पाइपात आहे, पाइपाची तोंडं बंद.

सात-वीस

चाळीस वर्षं वायरमन होतो, आधी परळच्या गिरणीत, मग घरगुती. वरचं सगळं वाचलं. पोरांनो, हौस करा, भिंती फोडा, माळे बांधा. पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही : अर्थ, म्हणजे अर्थिंग, गळलेला करंट जमिनीत नेणारी वायर.

जुन्या घरांत हिरवी वायर नेऊन नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली असते. पूर्वी पाइप जमिनीत जायचा, चालून जायचं. पुढे तुम्ही बाथरूम नवं केलंत, पाइप प्लास्टिकचा झाला. हिरवी वायर तिथेच आहे, पण आता ती कुठेच जात नाही. आणि वर उरलेल्या लोखंडी तुकड्यात करंट उतरला तर नळच झटका देणार. पार्लेकर, तुमच्या गॅरेजमध्ये रंधायंत्र असेल, लोखंडी. अर्थ कुठे नेलाय, आजच बघा.

दुसरं, एमसीबी वायरीला वाचवते. माणसाला वाचवते ती आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरची. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबा. दाबून पडली नाही तर ती डब्यात शोभेला आहे.

तिसरं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला. त्यानंतर दोन महिने मी कुर्ला-कलिन्याची तळमजल्याची घरं करत होतो. जमिनीपासून फूटभरावरचे सॉकेट, सगळ्यांत गाळ. बटण आतून हिरवं पडलेलं. तेव्हापासून तळमजला किंवा गॅरेज असेल तर सॉकेट चार फुटांवर, आणि पाइप वरून खाली आणायचा, जमिनीतून वर नाही. बाहेरच्या भिंतीवरून वायर डब्यात शिरते तिथे आधी तिला पोट द्यायचं. म्हणजे डब्याच्या खाली जाऊन मग वर यायची. पाणी पोटावरून गळून जातं. सरळ वरून शिरवलीत तर वायर म्हणजे पन्हळच.

मामांबद्दल : असे मामा प्रत्येक चाळीत आहेत. माझ्या अर्ध्या आयुष्याची कमाई त्यांच्यावर झाली.

पत्र्याखालचा

सात-वीस काका, हातातला चहा ठेवून बघायला गेलो. हिरवी वायर भिंतीतून बाहेर पडून बागेच्या नळाला गुंडाळलेली आहे. नळाचा पाइप आम्ही २०१८ ला बदलला. प्लास्टिकचा.

मेन बंद केलाय. वायरमन रविवारी येतोय, अर्थचा खड्डा नव्याने घेणार आहोत. सॉकेट सध्या नऊ इंचांवर आहेत, तेही वर जातील. कोणाकडे २० मिमी पाइपाचे बेंड उरले असतील तर सांगा, चारच हवेत आणि दुकानदार पाकीट घ्या म्हणतो.