गावडा-वेळीप समाजाच्या एसटीआर नोंदींवर प्रबंध करायचाय: नमुने किती, कुणाचे, कसे? सल्ला हवा

रानझरा

नमस्कार मंडळी. मी फॉरेन्सिक सायन्सच्या एमएस्सीला शेवटच्या वर्षाला आहे. शिकायला फोंड्यात, घर केपे तालुक्यात, समाजाने वेळीप. प्रबंधाचा विषय जवळजवळ ठरलाय: गोव्यातल्या गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांत डीएनए तपासणीच्या मार्करांची विविधता.

या विषयाशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. आपल्या गुणसूत्रांवर काही ठिकाणी डीएनएच्या चार अक्षरांचा एक तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो. कुणात तो ११ वेळा येतो, कुणात १४ वेळा. यालाच एसटीआर म्हणतात, अशा जागेला मार्कर आणि तिच्या ११, १४ अशा वेगवेगळ्या रूपांना अ‍ॅलील. अशा वीसेक जागा मोजल्या की माणसाची प्रोफाइल तयार होते. घटनास्थळावरची प्रोफाइल संशयिताशी जुळली तरी काम संपत नाही. योगायोगाने अशी प्रोफाइल किती जणांत सापडू शकेल, हे कोर्टाला सांगावं लागतं, आणि तो आकडा काढायला त्या लोकसमूहाचा तक्ता लागतो, म्हणजे कोणतं रूप किती प्रमाणात आढळतं याची नोंद. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या अनुसूचित जमातींची लोकसंख्या १,४९,२७५ होती, म्हणजे दर दहा माणसांत एक. एवढ्या माणसांचं नातं किंवा गुन्हा तपासताना दुसऱ्या कुणाचा तरी तक्ता वापरायचा, हे मला पटत नाही.

मार्कर मोजायचं तयार किट कोणतं घेऊ? गाईड म्हणतात शंभर नमुने पुरे, ते पुरतील का? परवानग्या कुठल्या लागतात? आणि गावात हे कसं समजावून सांगायचं? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी जरूर लिहा.

पायवाट

विषय आवडला. वाचतोय.

जुना_विश्लेषक

रानझरा, राज्याबाहेरच्या एका प्रयोगशाळेत डीएनए विभागात बरीच वर्षं काढली, त्यावरून लिहितो. किटचा विचार सगळ्यात शेवटी कर. ग्लोबलफायलर घे नाहीतर पॉवरप्लेक्स फ्यूजन, अमेरिकेच्या कोडिस या डीएनए नोंदसंग्रहाच्या यादीतले २० मार्कर दोन्हींत आहेत (२०१७ पूर्वी ती यादी १३ चीच होती). विभागात जे चालतं ते वापर. खरी मेहनत आहे ती नमुने कुणाचे घ्यायचे यात.

गोव्यात हा प्रश्न फारच गुंतागुंतीचा आहे. गावड्यांत हिंदू गावडे, ख्रिस्ती गावडे आणि १९२८ च्या शुद्धीनंतरचे (ख्रिस्ती धर्मातून पुन्हा हिंदू झालेले) नवहिंदू गावडे, असे तीन भाग. मूळ एक, पण लग्नसंबंध कित्येक पिढ्या आपापल्या गटातच. छोट्या गटात पिढ्यानपिढ्या आतल्या आत लग्नं झाली की काही अ‍ॅलील योगायोगानेच वाढतात आणि काही नाहीशी होतात. वेगळ्या झालेल्या अशा गटांना एकाच तक्त्यात घातलंस, तर एकाच मार्करवर आईकडून आणि वडिलांकडून सारखंच अ‍ॅलील आलेली माणसं अपेक्षेपेक्षा जास्त दिसतील आणि हार्डी-वाइनबर्ग चाचणी (सरमिसळ लग्नं होणाऱ्या समूहात अपेक्षित प्रमाणं दिसतात का ते पाहणारी) बिघडेल. याला वाहलुंड परिणाम म्हणतात. म्हणून गट वेगवेगळे नोंदव. एकत्र करायचे की नाही ते चाचणीनंतर ठरव, आधी नको. आणि ती चाचणी २० मार्करांवर करशील तेव्हा ०.०५ ची मर्यादा २० ने भागायला विसरू नको, म्हणजे ०.००२५. नाहीतर एखादा मार्कर नुसत्या योगायोगानेही नापास होतो.

आडनावावर अजिबात विसंबू नकोस. गावकर आडनाव वेळीपही लावतात आणि इतर अनेक समाजही. नाईक तर विचारूच नको. प्रत्येकाच्या चारही आजी-आजोबांचं मूळ गाव लिहून घे. आईचं माहेर स्वतंत्र लिही. एका वांगडातले (कुळातले) दोघे, मामा-भाचे, चुलतभाऊ घ्यायचे नाहीत. असे नातलग आत शिरले की तक्ता त्या घराण्याचा होतो, समाजाचा राहत नाही.

आता आकडा. एखादं अ‍ॅलील समाजात १ टक्का असेल, तर ५० माणसांत (प्रत्येकाच्या दोन, म्हणजे १०० प्रतींत) ते एकदाही न दिसण्याची शक्यता ३७ टक्के आहे. १०० माणसांत ती १३ टक्क्यांवर येते. म्हणून प्रत्येक गटामागे शंभर ही किमान मर्यादा धर, सगळे गट मिळून शंभर नव्हे. गाईडना हे गणित दाखव. आणि न दिसलेल्या अ‍ॅलीलला शून्य लिहायचं नाही. पद्धत अशी, की किमान वारंवारिता ५ भागिले २एन धरायची, एन म्हणजे माणसांची संख्या. एन १०० असेल तर ती ०.०२५ होते.

रानझरा

सर, खूप आभार. थीटा करेक्शन (आतल्या आत लग्नांमुळे वाढणारं साम्य गणितात धरणारी दुरुस्ती) वापरलं तर वेगळ्या तक्त्याची गरजच नाही, असं वर्गात कुणीतरी म्हणालं होतं. ते कितपत खरं?

जुना_विश्लेषक

अर्धं खरं. उदाहरण घेऊ. एका मार्करवर दोन वेगळी अ‍ॅलील आहेत, मोठ्या तक्त्यात दोन्हींची वारंवारिता ०.१. साध्या सूत्राने २पीक्यू (दोन्ही वारंवारितांच्या गुणाकाराची दुप्पट) म्हणजे ०.०२, म्हणजे ५० जणांत एक. छोट्या, आतल्या आत लग्नं होणाऱ्या समाजासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९६ च्या अहवालात थीटा ०.०३ सुचवला आहे. तो घालून गणित केलं तर उत्तर ३४ जणांत एक येतं. एका मार्करवर फरक किरकोळ दिसतो, पण असे २० मार्कर गुणले की एकूण आकडा दोन हजार पटींहून जास्त खाली उतरतो.

तरीही खरं ते सांगतो. २० मार्करांची स्वच्छ, एकाच माणसाची पूर्ण प्रोफाइल असेल, तर हा फरक पडूनही उरलेला आकडा प्रचंडच असतो. तिथे तुझ्या तक्त्याने निकाल फिरणार नाही. तक्ता कामाला येतो तो अर्धवट प्रोफाइलमध्ये, दोघा-तिघांचा डीएनए मिसळलेल्या नमुन्यात, आणि नात्याच्या तपासणीत. नदीत सापडलेला, ओळख न पटणारा देह. बाप हयात नाही, म्हणून काकाशी नातं जुळवायचंय. अशा वेळी हातात सात-आठच मार्कर असतील, तर प्रत्येकाची वारंवारिता महत्त्वाची. समाजात एखादं अ‍ॅलील खरोखर ०.२५ असेल आणि तू ०.१ धरलंस, तर ते जुळणं होतं त्यापेक्षा फार मोठा पुरावा वाटू लागतं. थीटा ही अंदाजाने ठेवलेली सुरक्षित बाजू आहे. ती बरोबर बसते का, हे तुझ्या मोजणीतून कळेल. प्रबंधाचा गाभा मी तिथेच ठेवला असता.

वाय गुणसूत्राचे मार्करही घेता आले तर घे. गोव्यात त्याला वेगळं महत्त्व आहे. वाय बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो, क्वचित एखादा बदल होतो. एका मूळ पुरुषाच्या वंशातल्या सगळ्या पुरुषांचं वाय प्रोफाइल बहुतेक सारखंच निघतं. पूर्ण वाडाच एका कुळाचा असेल, तर 'वाय जुळला' याचा अर्थ वाड्यातल्या कितीतरी पुरुषांपैकी कुणीही. इथे मार्करांचा गुणाकारही चालत नाही, सरळ मोजावं लागतं. शंभरांत एकदाही न दिसलेलं प्रोफाइल समाजात ३ टक्क्यांपर्यंत असू शकतं, ही मर्यादा अहवालात लिहायलाच हवी.

आणखी एक. किटमधला अमेलोजेनिन मार्कर लिंग सांगतो, पण काही पुरुषांत वायवरचा तो भागच नसतो आणि नमुना बाईचा वाटतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने २००२ मध्ये २७० भारतीय पुरुष तपासले, त्यात पाच जण असे निघाले. तुझ्या नमुन्यांत कुणी सापडलं तर ती नोंद नक्की दे. उद्या त्याच डोंगरभागातल्या केसमध्ये कुणाला तरी त्याचा उपयोग होईल.

सत्तरीकर

साधा प्रश्न आहे, राग मानू नका. या तपासणीतून एखादा माणूस खरा आदिवासी आहे का, हे ठरवता येईल का? आमच्याकडे दाखल्यांवरून एवढे वाद चाललेत, म्हणून विचारतो.

जुना_विश्लेषक

नाही. आणि कुणी तसा प्रयत्न केला तर त्याला हात जोडून थांबवा. माणसामाणसांतली जनुकीय विविधता बहुतांशी समूहांच्या आतच असते, १९७२ पासून हे पुन्हा पुन्हा दिसून आलंय. दोन समाजांतला फरक असतो तो वारंवारितेचा. एखादं अ‍ॅलील एका समाजात जरा जास्त, दुसऱ्यात जरा कमी. त्यावरून एका माणसाला शिक्का मारता येत नाही. अनुसूचित जमातींच्या यादीत कोण बसतं हे ठरवण्याचे निकष १९६५ च्या लोकूर समितीपासून संस्कृती, भौगोलिक वेगळेपण, मागासलेपण असे सामाजिक आहेत. त्यात रक्त कुठेच नाही.

वकील_मडगाव

धागाकर्तीला कायद्याच्या बाजूने दोन शब्द.

कोर्टात डीएनए अहवाल आला की 'जुळला' म्हणून विषय बंद होतो, असं अनेकांना वाटतं. २०२२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका खून-बलात्काराच्या खटल्यात फाशीची शिक्षा रद्द केली. त्यात स्पष्ट म्हटलं, की अहवालाचा आधार काय आणि तज्ज्ञाने तंत्र विश्वासार्हपणे वापरलं का, हे खालच्या न्यायालयांनी तपासलंच नाही. त्यामुळे उलटतपासणीत तक्ता कुठल्या लोकसमूहाचा, थीटा किती धरला, संशयिताच्या सख्ख्या भावाचा विचार केला का, हे विचारायलाच हवं. भाऊ म्हटला की गणितच बदलतं. एकेका मार्करवर दोन्ही अ‍ॅलील सारखीच वारशाने येण्याची शक्यता सख्ख्या भावंडांत २५ टक्के असते. तुमचा तक्ता प्रसिद्ध झाला तर आम्हाला विचारायला आधार मिळेल, आणि सरकार पक्षालाही उत्तर द्यायला.

परवानगीबद्दल. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी नमुना घेण्याआधी हवी, नंतर नाही. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा, आदिवासी समूहांबद्दल त्यात वेगळं लिहिलंय. डीएनए तंत्रज्ञानाचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं, म्हणून संरक्षण तुमच्या संमतीपत्रातच लिहावं लागेल: नमुना याच अभ्यासासाठी, पोलिसांच्या कुठल्याही नोंदीत जाणार नाही, नावाऐवजी क्रमांक, काम झालं की नमुना नष्ट. अमेरिकेत हवासुपाई जमातीचं रक्त मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलं आणि पुढे मानसिक आजार, स्थलांतर अशा भलत्याच विषयांना वापरलं. २०१० मध्ये विद्यापीठाला ७ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली आणि उरलेलं रक्त जमातीला परत करावं लागलं. ही केस तुमच्या गाईडनाही वाचायला द्या.

वाड्यावरचा_मास्तर

बाय, मी काणकोणात शाळामास्तर. आपल्या समाजातली मुलगी हे काम करतेय, याचा फार आनंद झाला.

गावात गेलीस की पहिला प्रश्न येणार, "हें व्हरून कितें करतले?" (हे नेऊन काय करणार?) त्याला तयार उत्तर ठेव, आणि ते कोंकणीत ठेव. सह्यांचा लोकांना धसका आहे. वनहक्क दाव्यांसाठी किती कागदांवर सह्या आणि अंगठे दिले, आणि ते दावे अजून अडकून आहेत. त्यामुळे आणखी एक कागद पुढे केलास की म्हातारी माणसं गप्प बसतील, आणि गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. आधी जाणत्यांना भेट, मग मांडावर (गाव जमतो त्या जागी) सगळ्यांसमोर बोल, आणि त्या दिवशी एकही नमुना घेऊ नकोस. घरी बोलू दे त्यांना. बायकांशी वेगळं बोल, कारण आजी-आजोबांची गावं आणि माहेरं त्यांनाच पाठ असतात.

सुई नको. गालाच्या आतून काडी फिरवायची पद्धत असेल तर तीच ठेव. सुई म्हटली की अर्धा वाडा रानात जाईल.

आणि अहवाल झाला की परत ये. शाळेत मुलांना दाखव. आमच्याकडे येऊन गेलेल्यांत परत आलेली माणसं फार थोडी.

जुना_विश्लेषक

मास्तरांच्या काडीवरून आठवलं. पावसाळ्यात नमुने घेऊ नकोस. जूनमध्ये आपल्याकडे कापसाची काडी दिवसभर ठेवली तरी दमटच राहते. ती तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली की बुरशी धरते, जिवाणू वाढतात आणि डीएनए तुटतो. लांब मार्कर आधी गळतात, आलेखात उजवीकडची शिखरं बुटकी होत जातात. नोव्हेंबर ते मार्च बघ. काडी सावलीत वाळव, कागदी पाकिटात ठेव. एफटीए कार्ड (डीएनए टिकवणारा खास कागद) परवडलं तर उत्तम, गालातली लाळ थेट त्यावर उतरवता येते आणि ते फ्रीजशिवाय टिकतं.

रानझरा

सगळ्यांचे मनापासून आभार. गाईडना गणित दाखवलं, गटामागे शंभर हे त्यांनी मान्य केलं. पण गावडा, कुणबी, वेळीप मिळून तीनशे नमुन्यांचं किट विभागाला झेपणार नाही. म्हणून या वर्षी फक्त वेळीप घेते, केपे आणि काणकोण दोन्ही तालुक्यांतून, आणि गावडा-कुणबींचं काम पुढे पीएचडीला. सध्या संमतीपत्राचा कोंकणी मसुदा करतेय. मास्तर, तो तुम्हाला निरोपातून पाठवू का? आणि विश्लेषक सर, वायचे मार्कर सगळ्या पुरुषांवर करायचे, की निवडक पुरुषांवर?

वाड्यावरचा_मास्तर

पाठव बाय. घरात आईला वाचून दाखवतो. तिला समजलं तर गावाला समजेल.

जुना_विश्लेषक

सगळ्या पुरुषांवर. निवडलेस की मोजणीला अर्थ उरत नाही. पैसे कमी पडले तर ऑटोसोमलचं (लिंग न ठरवणाऱ्या गुणसूत्रांच्या मार्करांचं) दुसरं किट घ्यायचं असेल तर ते सोड, पण वाय सोडू नकोस. आणि दोन तालुके वेगळे नोंदव, एकमेकांशी तुलना कर. डोंगराच्या अलीकडे-पलीकडे फरक निघतो का, हे मलाही वाचायचंय.