पॅरामोटर शिकायचंय, सुरुवात कुठून करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातला, शेती करतो. ओळखीतला एक जण जुना पॅरामोटर (पाठीवर इंजिन-पंखा बांधून कापडी छत्राखाली उडायचं यंत्र) विकतोय. म्हणतो, "दोन दिवसांत शिकशील, त्यात काय!" मला ते काही पटलं नाही. पाठीवर वीस-पंचवीस किलोचं इंजिन घेऊन पळायचं म्हणजे खेळ आहे का? आधी नुसतं छत्र जमिनीवर उभं राहून वाऱ्यात सांभाळायला शिकावं लागतं, एवढं वाचलंय.

लोणावळ्याजवळ कामशेतला पॅराग्लायडिंग (बिनइंजिनाचं, नुसत्या छत्रानं उडणं) शिकवतात. तिथून सुरुवात करून मग इंजिनाकडे वळावं, की थेट पॅरामोटरचाच कोर्स करावा?

दुसरं, परवानगीचं. डीजीसीएचे (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियम आहेत, पण खरेदीआधी नेमके कोणते कागद बघायचे? लातूरचं विमानतळ जवळ आहे, तेव्हा आपल्याच रानातून उडायलाही कुणाकुणाला विचारावं लागेल?

सोयाबीन निघालं की रान मोकळं असतं, पण विजेच्या तारा लई. आणि उन्हाळ्यात दुपारी इथं वावटळी उठतात, म्हणून सकाळी लवकरच उडावं, बरोबर ना?

मराठवाड्यात कुणी उडवत असेल तर कृपया सांगा. बायकोनं हेल्मेटला मंजुरी दिलीय, बाकीचं अडकलंय.