वेगमर्यादा, कॅमेरे आणि चलन: कागल ते कित्तूर पट्ट्यातल्या चालकांसाठी अनुभव धागा

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरची कोगनोळी ओलांडली की राज्य बदलतं, सवय बदलत नाही. एमएच-०९ असो की केए-२३, कॅमेरा दिसला की ब्रेक आणि तो मागं पडला की पुन्हा पाय दाबायचा. रोज गाडी चालवणाऱ्यांनी, गॅरेजवाल्यांनी, चलनांची कामं बघणाऱ्यांनी कामाचं तेवढं इथं लिहावं.

मालट्रक, संकेश्वर
केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १००, मालगाडी आणि मोटारसायकलला ८०. ही कमाल मर्यादा. पाटी लावून ती कमी केली असेल तर पाटीवरचा आकडा धरायचा. कन्नड मजकूर वाचता येत नसला तरी लाल वर्तुळातला आकडा वाचता येतोच.

वेग अडवणाऱ्या स्पीड गव्हर्नरच्या भरवशावर तवंदी घाट उतरू नका. तो फक्त डिझेल तोडतो, ब्रेक लावत नाही. भरलेली गाडी टॉप गिअरमध्ये स्वतःच्या वजनानं ८० च्या वर जाते. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) वापरा. ब्रेकवर सतत पाय ठेवला की ब्रेकचे लायनर तापतात आणि नेमके खाली ब्रेक लागत नाहीत.

गॅरेज, निपाणी
कंपनीनं बसवलेला वेगाचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. पण १८५/६५ आर १५ च्या जागी २०५/६५ टायर टाकले की चाक चारेक टक्क्यांनी मोठं होतं आणि ती सूट तिथंच संपते. सपाट रस्त्यावर वेग स्थिर ठेवून, शेजारी बसलेल्याला मोबाईलच्या जीपीएसशी ताडून बघायला सांगा.

चलनांची कामं, बेळगाव
कलम १८३ खाली हलक्या गाडीला १,००० ते २,०००, मध्यम आणि अवजड गाडीला २,००० ते ४,००० रुपये दंड. कॅमेऱ्याच्या चलनाची नोटीस १५ दिवसांत यायला हवी, असं २०२१ पासूनचा नियम सांगतो. ती न मिळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आरसीवरचा जुना मोबाईल नंबर, नाहीतर विकलेली पण नावावर न केलेली गाडी. सीमेवर ये-जा असेल तर केंद्राचं परिवहन आणि महाराष्ट्राचं ई-चलन, दोन्ही पोर्टल तपासा.

‘स्पीड गन (वेग मोजायचं यंत्र) तिरकी धरली म्हणून वेग जास्त आला’ ही तक्रार टिकत नाही. रस्त्याकडेला उभ्या गनला कोन पडला तर वेग कमीच दिसतो. शंका घ्यायची तर फोटोवर घ्या: नंबर प्लेट पूर्ण आहे का, शेजारी दुसरी गाडी आहे का, जागा आणि वेळ जुळते का.

ऊस वाहतूक, चिकोडी
हंगामात दंडापेक्षा हे बघा. कार १०० ने, पुढं ट्रॅक्टर २० ने. विनारिफ्लेक्टर ट्रॉली लो बीममध्ये ५० मीटरवर दिसली, असं धरू. पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद, तेवढ्यात ३३ मीटर अंतर तुटतं. कोरड्या रस्त्यावरही वेग ट्रॅक्टरइतका उतरेपर्यंत आणखी ३५ लागतात. म्हणजे धडक. कार ८० ने असेल तर २५ आणि २०, जेमतेम वाचते. पोलीस असोत-नसोत, कारवाल्यांनी रात्री ८० च्या वर जाऊच नये.

ट्रॉलीवाल्यांनो, मागं लोंबणारा ऊस फाळक्यावरचा रिफ्लेक्टर झाकतो. लाल पट्टी लावलेली फळी उसाच्या शेवटच्या टोकाला बांधा, दोन्ही कोपऱ्यांना. दोन ट्रॉल्या असतील तर मागच्या ट्रॉलीला आधी. कारखान्यातून रिकामं परतताना फळी काढून ठेवू नका आणि चिखल पुसून घ्या.