पद्मिनीचं इंजिन बांधून झालं, पण सेल्फ मारला की नुसतं 'टक्'

कुंभारगल्लीकर:
नमस्कार मंडळी. वडिलांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे, पेट्रोल, १०८९ सीसी. २०१९च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी कोल्हापुरात शाहूपुरीत शिरलं तेव्हा गाडी बॉनेटपर्यंत बुडाली होती. पाणी उतरल्यावर ताडपत्री टाकून ठेवली ती ठेवलीच. यंदा दिवाळीनंतर मनावर घेतलं. इंजिन उतरवून उद्यमनगरात दिलं. बोअर करून वीस ओव्हरसाइझचे पिस्टन, नव्या रिंगा, क्रँक ग्राइंड, मेन आणि बिग एंडची बेअरिंगं, हेड फेस, सगळं झालं. ब्लॉक परत आल्यावर रंग मी स्वतः मारला, दोन हात. गेल्या रविवारी इंजिन गाडीत बसवलं.

आता चावी फिरवली की सोलेनॉइडचा, म्हणजे सेल्फला (स्टार्टर मोटरला) करंट जोडणाऱ्या स्विचचा, एकच 'टक्' येतो आणि पुढं काही नाही. बॅटरी नवीन आहे, १२.६ व्होल्ट दाखवते. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत. सेल्फ काढून टेबलावर लावला तर झकास फिरतो. प्लग काढून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावला. घट्ट आहे, पण कुठं अडकत नाही, दोन पूर्ण फेरे दिले.

मिस्त्री म्हणतात बेअरिंग टाइट बसलंय, परत खोलावं लागेल. वडिलांचं वय ७८. रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन गाडीजवळ बसतात. त्यांच्यादेखत इंजिन पुन्हा उतरवायला जीव होत नाही. आधी काय बघू?

अजून एक, याचा संबंध आहे का माहीत नाही. चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर डॅशबोर्डखाली प्लॅस्टिक तापल्यासारखा वास आला.

जुनी_फियाट:
नवं बांधलेलं इंजिन सुरुवातीला घट्टच असतं. जीपला दोर बांधून थर्डमध्ये ओढा, पन्नास फुटांत सुटेल. आमची अशीच सुटली होती.

वायरमन_उद्यमनगर:
दादा, थांबा. इंजिन उतरवू नका, ओढू तर अजिबात नका आणि आता एकदाही सेल्फ मारू नका. तुम्ही शेवटी लिहिलेला तो वास सगळ्यात महत्त्वाचा आहे. डॅशबोर्डपासून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या चोकच्या केबलला हात लावून बघा, वरचं प्लॅस्टिक मऊ पडलेलं असणार.

कारण सांगतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे करंटच्या दृष्टीनं ते बॉडीपासून तुटलेलं. बॅटरीचा मायनस बॉडीला असतो आणि बॉडीपासून इंजिनाला तांब्याच्या विणलेल्या तारांची एक पट्टी असते. इंजिन उतरवताना ती सुटते. बसवताना एकतर राहून जाते, नाहीतर नव्या रंगावर बसते. रंगातून करंट जात नाही. सेल्फला शे-दीडशे अँपिअर लागतात, मग तो करंट परतायला मिळेल ती वाट धरतो. तुमच्या गाडीत त्याला कार्बोरेटरला लावलेल्या चोक केबलची बारीक तार सापडलीय. शेजारी पेट्रोल आहे, म्हणून म्हणतो हात लावू नका चावीला.

लाइट आणि हॉर्नला अर्थ (करंट परतायची वाट) थेट बॉडीचा, इंजिनाशी त्यांचा संबंध नाही. म्हणून ते ठणठणीत. आणि इंजिन खरंच जाम असतं तर सेल्फनं बॅटरीतून करंट खेचून घेतला असता आणि लाइट पार मंद झाले असते. तुमचे झाले का?

ओढायचं का नाही, तेही सांगतो. नव्या बेअरिंगमध्ये अजून तेलाचा दाब आलेला नाही. सुकं इंजिन चाकाच्या जोरावर फिरवलं तर नुकत्याच ग्राइंड केलेल्या क्रँकवर ओरखडे उठतात.

कुंभारगल्लीकर:
काका, लाइट जरासुद्धा मंद होत नाहीत. आणि चोकची केबल बघितली. कार्बोरेटरकडच्या टोकाला चार बोटं लांबीचं आवरण वितळून तारेला चिकटलंय. अंगावर काटा आला.

वायरमन_उद्यमनगर:
मग सापडलं. केबल आधी काढून बाजूला ठेवा. जंप लीडचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं ब्लॉकवरच्या उघड्या लोखंडाला घट्ट पकडा आणि मग सेल्फ मारा. फिरला तर खात्री झाली. नंतर पट्टीची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत घासा. सेल्फ जिथं बेलहाउसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या कवचाला) बसतो तिथलाही रंग काढा, सेल्फ तिथूनच अर्थ घेतो. पट्टी बसल्यावर मल्टिमीटरचं एक टोक मायनसला, एक ब्लॉकला लावा. सेल्फ फिरताना अर्ध्या व्होल्टच्या आत यायला पाहिजे.

आणि लगेच चालू करायची घाई नको. प्लग काढलेलेच ठेवा, कॉइलची वायर सोडा, दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये एक मिनिट विश्रांती. ऑइलचा लाल दिवा विझला की प्लग बसवा.

कुंभारगल्लीकर:
झालं काका! पट्टी नट-बोल्टांच्या बिस्किटाच्या डब्यात तळाला सापडली. तिच्या जागेवर माझ्याच रंगाचे दोन थर, नखानं खरवडलं तरी निघेनात. त्याआधी मीटर लावून ठेवलेलं, ८.९ व्होल्ट दाखवत होतं. घासून पट्टी बसवल्यावर ०.२. सेल्फ पहिल्याच चावीला फिरला. तेलाचा दिवा चौथ्या खेपेला विझला, तोही बाबांनीच आधी बघितला. प्लग बसवले, चोकचा झडपा हातानं धरला आणि साडेसात वाजता गाडी चालू झाली. अख्खी गल्ली गोळा झाली होती. बाबा ड्रायव्हरच्या सीटवरून उठेनात. नवीन चोक केबल उद्या आणतो. जुनीफियाटदादा, राग मानू नका, ओढली नाही.