गावातून पुण्या-मुंबईला माल विकायचा, तर ब्लॉग आणि ईमेल-पत्र हवंच. तुमचं मत?

हळदीचं_बेणं (समुद्रपूर, जि. वर्धा)
आमच्या भागात हळद, तूरडाळ, जवसाचं तेल विकणारे घरगुती उद्योग वाढले. जाहिरात मात्र बहुतेकांची फक्त व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस आणि रीलवर. माझं ठाम मत आहे की बाहेरगावी विकणाऱ्याने साधा ब्लॉग लिहावा, ग्राहकाला विचारून त्याचा ईमेल घ्यावा आणि हंगामात दोन-चार पत्रं पाठवावीत.

वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. पण शहरातला ग्राहक विचारतो, "दुकानात स्वस्त मिळते, तुमची महाग का?" याचं उत्तर रीलमध्ये मावत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर बेणं लावायचं, पाला वाळल्यावर खोदणी, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश, दळण. ओल्या हळदीचा सुकून जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा उरतो. पिवळेपणासाठी मेटॅनिल येलो किंवा लेड क्रोमेट मिसळणारे असतात, ते कसं ओळखायचं हेही लोकांना हवं असतं. हे एकदा नीट लिहून ठेवलं की पुढची कितीतरी वर्षं कामी येतं.

आणि ईमेलची यादी आपल्या हातात राहते. जून 2020 मध्ये टिकटॉक बंद झालं, तेव्हा ज्यांचे सगळे बघणारे तिथेच होते त्यांच्याजवळ एक पत्ता उरला नाही.

मृगबहार (मोर्शी)
भाऊ, तुमची हळद वर्षभर टिकते. आमचा संत्रा टिकत नाही. तोडा सुरू झाला की माल उचललाच पाहिजे, तिथं पत्र कधी लिहू अन् समोरचा कधी उघडून पाहीन? मी फोनवर विकून राहिलो. सकाळी फोटो टाकला, संध्याकाळी पेट्या बुक.

दुसरं म्हणजे, ईमेल असते कोणाजवळ? आमच्या इकडं नवा फोन घेतला की दुकानातलं पोरगंच जीमेल काढून देते. पासवर्ड काय हाय ते मालकाले माहीत नसते. त्या पत्त्यावर पत्र पाठवून काय फायदा?

हळदीचं_बेणं
दादा, गावातल्या माणसाला ईमेल पाठवा असं मी म्हणतच नाही. पुण्यात नोकरी करणारा रोज ऑफिसात ईमेल उघडतोच. तुमचा आंबिया बहाराचा संत्रा ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो, तर पत्र सप्टेंबरात जाऊ द्या: बाग कशी आहे, फळगळ किती झाली, पेट्या कधी निघतील. तोड्याच्या दिवशी फोन वापराच. पण व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी 256 जणांची, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला त्यालाच निरोप पोचतो. शहरातला नवा ग्राहक नंबर कुठे सेव्ह करतो?

तिखट_भिवापूर
मी बचत गटात आहे, आमची मिरची पूड असते. दादा, तुम्ही लिहिता तेवढं सोपं नाही. दिवसभर निंदण, मग स्वयंपाक, रात्री पाकिटं भरणं. यात लेख लिहायचा कोणी? गटात जिला टायपिंग येतं तिच्यावरच सगळं येऊन पडतं आणि तिला त्याचा एक रुपया मिळत नाही. आधी ते काम कामात मोजा, मग ब्लॉग सांगा.

महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात स्टॉलवर रजिस्टर ठेवलं, तर लोक फोन नंबर बरोबर लिहितात. ईमेलमधलं एक अक्षर वाचता आलं नाही की तो ग्राहक गेला.

तारांचं_जाळं (चंद्रपूर)
मी वेबसाइटची कामं करतो. ईमेलच्या बाजूने आहे, ब्लॉगच्या विरोधात. गुगल आता उत्तर वरच लिहून देतं, भेसळ कशी ओळखायची हे वाचून माणूस तिथूनच परत जातो. तुमचं पाकीट त्याला दिसतच नाही.

ईमेलही सांभाळून. साध्या जीमेलवरून दिवसाला 500 लोकांपर्यंतच पाठवता येतं, आणि एकदम शेकडो पत्ते टाकले की पत्र स्पॅममध्ये पडू शकतं. फेब्रुवारी 2024 पासून गुगलचे नियम आणखी कडक झालेत. स्वतःचं डोमेन, म्हणजे आपल्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता, घ्या आणि नको असेल तर बंद करण्याची लिंक पत्रात ठेवा. जुन्या बिलांवरून पत्ते उचलू नका. 2023 चा डेटा संरक्षण कायदाच संमतीवर उभा आहे.

हळदीचं_बेणं
डोमेनचं मान्य. ब्लॉगचं नाही. माझा लेख गुगलवरून आलेल्या अनोळखी माणसासाठी नाहीच. भाव विचारणाऱ्याला मी लेखाची लिंक पाठवतो, आणि वाचून आलेला माणूस घासाघीस कमी करतो.

ताई, तुमचं बरोबर आहे. लिहिणारीची मजुरी पाकिटाच्या किमतीत धरलीच पाहिजे. बोलून टाइप करायची सोय आता मराठीत चांगली आहे, त्याने निम्मा वेळ वाचेल.

तिखट_भिवापूर
वेळ वाचो न वाचो, मजुरीचा मुद्दा मी गटाच्या बैठकीत मांडणार. ती ठरली तर हंगामात एक पत्र, तेवढंच. रजिस्टरऐवजी ग्राहकालाच फोनवर पत्ता टाइप करायला देऊ. ब्लॉग आम्हाला झेपणार नाही.

मृगबहार
सप्टेंबरातलं पत्र पटते. पण ज्याच्याजवळ चार झाडं अन् जवळचाच बाजार हाय, त्याले या भानगडीत पाडू नका भाऊ. डोमेनचा पैसा दरवर्षी भरा लागते. त्यानं तो चांगल्या पेट्यांवर लावावा, फुटका माल गेला तर कोणतंच पत्र कामाचं नाही.

तारांचं_जाळं
मृगबहार दादा, तुमच्यासारख्या दहा-बारा बागायतदारांनी मिळून एकच डोमेन घेतलं तर? खर्च वाटला जाईल, यादी मात्र ज्याची त्याची वेगळी ठेवता येते.